बॅकस्पिन शत्रू असेल तर चेंडूला हवेत धरतो कोण?

निवृत्तीनंतर गोल्फच्या नादाला लागलेल्या माझ्या मामाच्या डोक्यात व्हॉट्सॲपवरच्या एका व्हिडिओने भलतंच भरवलंय. लांब मारण्यासाठी त्यातले दावे असे: चेंडू 45 अंशांत उडवा, बॅकस्पिन (चेंडूची मागच्या दिशेने फिरकी) शून्यावर आणा, जमलं तर टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) द्या, लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) जितका कमी तितका पल्ला जास्त, टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) उंच ठेवून खालून वर मारा, सगळे प्रो वरच मारतात.

45 अंशांचं उत्तर शाळेतल्या पुस्तकातल्या सूत्राचं, म्हणजे हवाच नसलेल्या जगातलं. पीजीए टूरवरचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुष गोल्फरांच्या स्पर्धांमधला) चेंडूचा सरासरी वेग त्या सूत्रात घातला तर 620 यार्ड येतात. पाहिलाय कुणी असा ड्राइव्ह?

खरा कहर बॅकस्पिनचा. चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या ट्रॅकमॅन रडारच्या पीजीए टूरच्या काही वर्षांपूर्वीच्या प्रसिद्ध सरासऱ्या घ्या: ड्रायव्हरवरून (सर्वांत लांब मारायच्या क्लबवरून) चेंडू ताशी 167 मैलांनी सुटतो, कोन सुमारे 11 अंश, बॅकस्पिन मिनिटाला 2,700 फेऱ्यांच्या आसपास, कॅरी (हवेतून कापलेलं अंतर) 275 यार्ड. आता हाच वेग नि हाच कोन व्हिडिओवाल्याच्या लाडक्या सूत्रात घाला. उत्तर येतं जेमतेम 230. हवेचा अडथळा शून्य धरून 230, आणि तो सोसून प्रत्यक्षात 275! वरचे 45 यार्ड काय आभाळातून पडले? ते बॅकस्पिनने दिले. उलटा फिरणारा चेंडू हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर उचलते, आणि सुटल्यासुटल्या ही उचल 46 ग्रॅमच्या चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त असते. टॉपस्पिन दिलात की तीच ताकद त्याला जमिनीकडे दाबणार. टेबल टेनिसवाले टॉपस्पिन मारतात तो चेंडू लवकर खाली यावा म्हणूनच. एडिंबराच्या पी. जी. टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेंडूला लांब फीत बांधून तिला पडलेले पीळ मोजले होते. म्हणजे ही काही कालची बातमी नाही.

बरं, एक मान्य करावं लागतं. बॅकस्पिन फार झाला तर पल्ला घटतो. 4,000 फेऱ्यांचा चेंडू वर वर चढत जातो, उभाच्या उभा खाली येतो आणि रोल (पडल्यावर पुढे घरंगळणं) मिळत नाही. फेसच्या (क्लबच्या तोंडाच्या) खालच्या भागावर लागलेला फटका बहुधा असाच जातो. पण म्हणून फिरकी शून्यावर आणायची?

कमी लॉफ्टच्या दाव्याने मामासारख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्याच रडारच्या एलपीजीए (महिला व्यावसायिकांच्या टूरच्या) सरासऱ्या बघा: चेंडूचा वेग 140 मैल, फेरे 2,600च्या घरात, कोन मात्र 13 अंशांवर. वेग घटला की उचलही घटते, ती कसर कोनाने भरून काढावी लागते. टूरवाल्यांचं बघून संथ स्विंगच्या माणसाने 8 अंश लॉफ्टचा ड्रायव्हर उचलला, तर चेंडू धड वर चढायच्या आतच खाली येतो. मग हा गडी आणखी जोर लावतो आणि कंबर धरून बसतो.

उंच टीचं बरंचसं खरं आहे. वर जाणाऱ्या क्लबने कोन वाढतो, बॅकस्पिन थोडा उतरतो. चेंडू फेसच्या मध्याच्या जरा वर लागला तर आणखी उतरतो. त्याने टॉपस्पिन मात्र येत नाही. आणि ‘सगळे प्रो वरच मारतात’ हेही खोटं: एलपीजीएची सरासरी वर जाते, पण पीजीए टूरवाले सरासरीने ड्रायव्हर अंशभर खालच्या दिशेनेच मारतात, आणि वरचे 275 यार्ड त्यांचेच आहेत.