पत्र्यावर धोंडे ठेवून पत्रा राहत नसतो

एप्रिल-मे आला की लातूर, बीड, नांदेडकडून ठरलेली बातमी येते: अवकाळीच्या वाऱ्यात घरावरचे पत्रे उडाले. मग पंचनामा, आणि पुन्हा तसेच पत्रे, तसेच धोंडे.

हिशेब बघा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. ताशी 80 किलोमीटरचा वारा तेवढ्याच जागेवर 30 किलोच्या आसपास जोर लावतो, कडेकोपऱ्यात त्याहून जास्त. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. दार उघडं राहिलं तर आत शिरलेला वारा खालून रेटतो तो वेगळाच. दहा बाय दहाच्या खोलीवर पाच-सहा धोंडे काय करणार? पत्रा उडाला की तेच खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात.

1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरं जड माळवदासकट, म्हणजे मातीच्या धाब्यासकट, माणसांवर कोसळली. तेव्हापासून पत्रा बरा वाटू लागला. भूकंपापुरतं ते बरोबरच आहे, पण हलकं छप्पर बांधून ठेवावं लागतं.

बऱ्याचदा पत्रा खालच्या आधाराच्या लोखंडी पाइपावरून सुटतच नाही, पाइपासकट जातो. कारण पाइप भिंतीवर नुसता टेकवून वर दोन घमेली माल थापलेला असतो. पाइप भिंतीला जखडणं, वेल्डर म्हणतो ते गवंड्याचं काम, गवंडी म्हणतो वेल्डरचं. खरी मेख इथे आहे.

नवं बांधताना भिंतीच्या डोक्यावर चारी बाजूंनी सलग 6 इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा घ्या, आत 10 मिमीच्या चार सळया. पट्टा ओतायच्या आधीच जिथे पाइप येणार तिथे 12 मिमीची सळई खाली आकडा करून उभी करा. नंतर ती पाइपावरून वाकवून वेल्ड करायची.

जुन्या घरात भिंतीच्या वरच्या कडेपासून तीन फूट खाली आरपार भोक पाडा, 12 मिमीचा बोल्ट टाका आणि दोन्ही अंगांनी लोखंडी पट्टी वर नेऊन पाइपाला जोडा. तीन फूटच का? नऊ इंची विटांच्या भिंतीचा तेवढा भाग मीटरमागे चारशे किलोच्या घरात भरतो. धोंडा हवाच असेल तर तो हा. चार इंची भिंतीत वजन निम्मंच, तिथे आणखी खाली जा.

पाइप 2 मिमी जाडीचा घ्या, पातळ पाइपात स्क्रूचे आटे धरत नाहीत. वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही बाजूंच्या कडांना पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा. मधल्या भागात एकाआड एक चालतो. स्क्रूखालचा रबरी वायसर जास्त आवळला तर चिरतो आणि गळतो. सैल राहिला तर पत्रा थडथडून भोक मोठं होतं आणि एक दिवस स्क्रू जागेवर राहून पत्रा जातो.

वळचण दीड फुटाहून बाहेर काढू नका. ओट्यावरचा पत्रा घराच्या पत्र्याला जोडू नका, वेगळा ठेवा. गेलाच तर एकटा जाईल.

वेल्डिंगच्या जागी मात्र लगेच रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, मारून घ्या. जोड तिथूनच गंजतो, आणि पट्टीखालचा गंज खालून दिसत नाही.