‘बाईक जिंकते, रायडर नुसता वर बसतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण ती वाचून मी माझाच लेख पुन्हा उघडला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत २००४ साली व्हॅलेंटिनो रॉसी होंडा सोडून यामाहावर आला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमची पहिलीच शर्यत जिंकला, त्याचं सगळं श्रेय मी त्याच्या मनगटाला दिलं. खरी जिंकते ती बाईक. रायडर मार्क मार्केझही डुकाटी कंपनीची बाईक मिळाली म्हणूनच २०२५ला पुन्हा चॅम्पियन झाला.

वेल्कमबद्दल कबूल, चूक माझी. रॉसी एकटा आलाच नव्हता. चीफ मेकॅनिक जेरेमी बर्जेस आणि बरीचशी टोळी होंडातून त्याच्यामागे आली. त्यात यामाहाचे अभियंते मासाओ फुरुसावा यांनी इंजिनातला क्रँकशाफ्टच, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यातून फिरणारा दांडाच, बदलला. आधी चारही पिस्टन टोकाला जाऊन एकाच क्षणी थांबायचे, एकाच क्षणी सुटायचे. त्या हिसक्यांत टायरची पकड हाताला कळेनाशी व्हायची. नव्या रचनेत ते एकदम थांबेनात आणि थ्रॉटल पिळताना मागचं चाक काय म्हणतंय ते रॉसीला कळू लागलं. शर्यत संपल्यावर तो बाईक कडेला लावून तिच्याशेजारी खाली बसला, तिचा मुका घेतला. श्रेय कुणाचं, हे त्याला माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं!

पण ‘नुसता वर बसतो’? २००८ची डुकाटी घ्या. केसी स्टोनरने तिच्यावर सहा शर्यती मारल्या. त्याच टीममध्ये मार्को मेलँड्री, २००५चा उपविजेता, हंगामाअखेर सतरावा. पुढे २०११ आणि २०१२ मध्ये खुद्द रॉसी डुकाटीवर आला, बर्जेसही सोबत. दोन वर्षांत एकही विजय नाही. मग टीम कुठे गेली, आणि रॉसीचं मनगट तरी कुठे गेलं? बाईक चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाच्या हाताला बसते, ते विचारा.

होंडाने तर मार्केझच्याच हाताला बसेल अशी बाईक घडवत नेली. २०१९ला त्याने १२ शर्यती जिंकल्या. २०२०ला स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत त्याच्या दंडाचं हाड मोडलं आणि त्या वर्षी होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. राहिलं २०२५. त्याच्याच टीममधला बन्याया, दोनदा मोटोजीपीचा चॅम्पियन झालेला गडी, पाचवा आला. डुकाटी त्यालाही मिळालीच होती की.

वेल्कमचा परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो, बर्जेस आणि फुरुसावांची नावं घालून. मार्केझचा तसाच राहील.