सत्तर तासांनंतर

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी हा आकडा ९० वर नेला, त्यात रविवारही आला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा वाद अजून शमलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, आधीच्या पिढीने घाम गाळला म्हणून आपण इथवर आलो. दुसरी बाजू म्हणते, आयुष्य एकदाच मिळतं, म्हातारपणी हळहळत बसाल. मी टेक्सासमध्ये राहतो, म्हणून दोघंही मला विचारतात की तिकडची माणसं कशी जगतात.

शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या जुन्या रूट ६६ महामार्गाने पश्चिमेकडे जायचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, वाटेत भेटतील त्यांनाच विचारू. साठी ओलांडलेलं कुणी भेटलं की एकच प्रश्न: मागे वळून बघताना कशाची रुखरुख लागते, आणि ती लागू नये म्हणून काय करायला हवं होतं? इथे पेट्रोल पंपावरही अनोळखी माणसं मोकळेपणी बोलतात. आणि १९२६ मध्ये जन्मलेल्या, १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढून टाकलेल्या त्या रस्त्यावर म्हाताऱ्यांना आठवणी सांगायला निमित्त लागत नाही.

टेक्सासमधल्या एड्रियन गावात एक पाटी आहे: शिकागो ११३९ मैल, लॉस एंजेलिस ११३९ मैल. तिथे एक जोडपं आपलं चाकांवरचं घर घेऊन फिरत होतं. आजोबा म्हणाले, जे करायचं ते आत्ताच करा, आम्ही फार उशीर केला. का केला, हे आजींनी सांगितलं. त्यांना मधुमेह, आणि विमा आजोबांच्या नोकरीला बांधलेला. मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो तो ६५ व्या वर्षी. तोवर नोकरी सोडणं म्हणजे इन्सुलिन सोडणं होतं. ६५ पूर्ण झाली तेव्हा आजोबांचे गुडघे गेले होते.

न्यू मेक्सिकोतल्या तुकमकारी गावात एका मोटेलच्या काउंटरवर सत्तरीच्या बाई होत्या, अजून नोकरी करणाऱ्या. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्याजवळ जाता आलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि आमच्या खोलीची किल्ली शोधू लागल्या. आजारी आईवडिलांसाठी १२ आठवडे रजा देणारा कायदा अमेरिकेत १९९३ पासून आहे. पण ती रजा बिनपगारी, आणि मालकाकडे ५० माणसं कामाला असतील तरच. त्यांच्या मालकाकडे पाच-सहा माणसं होती.

टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की ताजी हळहळ केलेल्या गोष्टींची असते, जुनी हळहळ न केलेल्या गोष्टींची. आम्हाला भेटलेली जवळजवळ सगळी माणसं या निष्कर्षात बसतात. पण ‘केलं नाही’ या खान्यात ‘करता आलं नाही’ही गुपचूप येऊन बसतं, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. मोटेलमधल्या बाईंना आयुष्यात काय महत्त्वाचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना पगारी रजा हवी होती.

आता सत्तरचा आकडा. आय-४० महामार्गावर पंजाबी ट्रकचालकांसाठी ढाबे आहेत, पराठा आणि कडक चहा मिळणारे. तिथे कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचे एक सरदारजी भेटले, ट्रकचालक, मूळचे जालंधरकडचे. माझ्याकडून भारतातला वाद ऐकल्यावर ते म्हणाले, भाईसाब, इथे सत्तर तास झाले की मला गाडी हलवता येत नाही. नियम असा: सलग दहा तास विश्रांती झाल्यावर १४ तासांची मुदत सुरू होते, तिच्यात ११ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि आठ दिवसांत एकूण ७० तास काम झालं की पुढे चाक फिरवायचं नाही. थकलेला माणूस रस्त्यावर इतरांचा जीव घेतो म्हणून ही मर्यादा. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांमध्ये तासांची नोंद यंत्रच करतं. त्याआधी वह्या होत्या, त्यांत हवं ते लिहिलं जाई. त्या वर्षांत मुलगी कधी मोठी झाली ते आपल्याला कळलंच नाही, ही त्यांची रुखरुख. यंत्रामुळे मिळकत घटली, कारण पैसे मैलांवर मिळतात. याबद्दल ते चिडलेलेही होते. तरी आता मालक रात्रीतून पळवू शकत नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

जिथे सत्तर ही धोक्याची रेघ आहे तिथून आलेला मी, आपल्याकडे तीच रेघ देशभक्तीचं माप म्हणून मिरवली जाते तेव्हा अस्वस्थ होतो. अमेरिका आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही. इथे देशभर लागू होणारी पगारी बाळंतरजा नाही; भारतात संघटित क्षेत्रात २०१७ पासून ती २६ आठवड्यांची आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या ग्रुपवर त्यावर एक ओळही आली नाही. त्या आठवड्यातही सगळे मूर्ती बरोबर की चूक यावरच भांडत होते.

दोन्ही बाजू तरुणांना स्वभाव बदलायला सांगतात. एक म्हणते मेहनती हो, दुसरी म्हणते मनासारखं जग. माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. भावजींच्या बायपासच्या वेळी तो हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये लॅपटॉप उघडून मीटिंगला बसला होता. वडिलांपेक्षा नोकरी मोठी वाटत होती म्हणून नव्हे, तर रजा शिल्लक नव्हती म्हणून. ‘पुढे पस्तावशील’ हे त्याला सांगून काय उपयोग? आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी पगारी रजा, आणि तासांची अशी मर्यादा जी साहेबाला फोनवरून ओलांडता येणार नाही, या दोन गोष्टी त्याला कायद्याने हव्यात. भावजी आता हिंडूफिरू लागले आहेत. भाच्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आमदारांना द्यायचं पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात ट्रकचालकांच्या नियमाचा उल्लेख असावा म्हणून मी त्याला तो मराठीत उतरवून पाठवला.