टेस्ट हिरवी, मी पिवळा

‘जरा टेस्टपण लिहून टाक’, म्हणजे तुझा कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोडही लिही, असं म्हटलं की कुठल्याही प्रोग्रामरला अचानक दुसरं महत्त्वाचं काम आठवतं. यात आळसाचा भाग कमी आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेचा जास्त, असं माझं प्रामाणिक मत आहे. सवलतीचा हिशेब बरोबर येतो का, एवढंच विचारायचं असतं. त्यासाठी आधी क्लास, मग मेथड, मग एक खोटा ग्राहक. त्याच्या कन्स्ट्रक्टरला डझनभर पॅरामीटर, त्यातले बहुतेक नल, म्हणजे रिकामे. कोड चालण्याआधी तो तपासणारा जावाचा कंपायलर म्हणजे खिडकीपलीकडचा कारकून: सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर प्रत एकच. मुद्द्याला हात घालेपर्यंत जेवणाची वेळ होते.

म्हणून टेस्टपुरता मी ग्रूव्हीला शरण गेलो. २००३ साली आलेली ही भाषा जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालते, जावाचे क्लास थेट वापरते आणि फारशा चौकशा करत नाही. सेमिकोलन नको, कुठली माहिती कोणत्या टाइपची ते सांगायला नको. क्लासने आत लपवलेलं प्रायव्हेट फील्डसुद्धा खुशाल उघडून बघते. शिवाय मेथडचं नाव म्हणून अवतरणचिन्हांत अख्खं वाक्य चालतं, तेही मराठीत. त्यामुळे आमचा रिपोर्ट आता ‘सवलत शून्याखाली जात नाही: फेल’ असा येतो, आणि मग ती जाते की जात नाही यावर चहा होईपर्यंत वाद.

वरिष्ठांना हे थेर पसंत नव्हते. “स्क्रिप्टबिप्ट खेळायला ठीक आहे रे.” मी एस्क्यूलाइटचा दाखला दिला. डेटाबेस सी भाषेत, पण त्याच्या सगळ्यात जुन्या टेस्ट टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेत. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “बरं, पण तुझ्या टेस्टची टेस्ट कोण करणार?”

प्रश्न खवचट, पण खोटा नाही. पायथन भाषेतला मॉक बघा, म्हणजे टेस्टपुरती खऱ्या भागाच्या जागी उभी केलेली नक्कल. त्याला काहीही विचारा, नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नाही. पूर्वी ‘असर्ट’ या तपासणीच्या आज्ञेचं स्पेलिंग चुकवून त्याला हाक मारली तरी तो खुशीत ओ द्यायचा; तपासणी व्हायचीच नाही आणि टेस्ट मात्र हिरवीगार, म्हणजे पास. ही चूक जगभर इतकी झाली असावी की २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये ‘अस्रेट’ असं उलटसुलट लिहिलेलं दिसलं तरी एरर द्यायची सोय खुद्द भाषेच्या लायब्ररीत करावी लागली. पुढे त्या यादीत आणखी काही अशुद्ध रूपं दाखल झाली. शुद्धलेखनाचा एवढा सन्मान शाळेतही होत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक नवी टेस्ट आधी मुद्दाम नापास करून बघतो. मूळ कोडमधलं अधिकचं चिन्ह उणे करायचं, टेस्ट लाल झाली की सुटकेचा श्वास सोडायचा, आणि चिन्ह परत अधिक करायचं. आमच्या मागून जाणाऱ्यांना मी लाल रंग बघून का हसतो, हे कळत नाही.

एवढं करूनही वेळ वाचतो, हे वरिष्ठांनी परवा जाहीरपणे मान्य केलं. “तुझ्या पटापट होतात,” ते म्हणाले, “तर आता बाकीच्यांच्याही तूच लिही.”