खुलासा : कस्टम टॅगसाठी टीएलडी दरवेळी लागत नाही

"जेएसपीत कस्टम टॅग हवा तर जावा क्लास आणि टीएलडी लिहावीच लागते" ही नागपूरच्या ग्रुपांवर फिरणारी टीप माझीच आहे, आणि ती चुकीची आहे. (जेएसपी म्हणजे जावात वेब पानं बनवायची पद्धत, कस्टम टॅग म्हणजे त्या पानांत वापरायला आपण स्वतः बनवलेला टॅग, आणि टीएलडी म्हणजे अशा टॅगांची माहिती देणारी एक्सएमएल फाइल.) परवा बर्डीवर एक मुलगी मुलाखतीत हेच सांगून अडकली. फार वाईट वाटलं.

२००३ च्या जेएसपी २.० पासून टॅग फाइल आहे, म्हणजे जावा क्लास न लिहिता जेएसपीतच टॅग लिहायची फाइल. काल टॉमकॅटवर (जेएसपी चालवणारा सर्व्हर, म्हणजेच कंटेनर) पुन्हा करून पाहिलं : वेब-आयएनएफमधल्या टॅग्ज फोल्डरात डॉट टॅग एक्स्टेन्शनची फाइल ठेवली, पानावर टॅगलिब डिरेक्टिव्हमध्ये टॅगडिर दिलं. टॅग चालला. क्लास कंटेनर स्वतःच बनवतो. हां, टॅग फाइल जारमध्ये (जावाच्या फाइलींचं एकत्र पॅकेज) बांधून द्यायची असेल तर मात्र टीएलडी हवीच.

जुनी टीप कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथे हा खुलासा टाका.