टाइमशीटमध्ये प्रवासाचा रकाना का नाही?

कन्सल्टिंगमध्ये नव्याने आलेली मुलंमुली हमखास विचारतात, "एवढा प्रवास करून वेळ कसा सांभाळायचा?" बॅग कशी भरावी, विमानात कोणतं काम उरकावं, हे मी सांगू शकते. पण माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न एकट्या माणसाच्या शिस्तीचा नाहीच. प्रवासाचे तास कंपनीच्या हिशेबातच येत नाहीत, म्हणून ते वाचवायची घाई कुणालाच नसते.

आठवड्याचे ४० तास धरा. त्यातले ३२ क्लायंटला बिल झाले की युटिलायझेशन, म्हणजे बिल झालेल्या तासांचं प्रमाण, ८० टक्के. आता पुण्याहून हिमाचलमधल्या बद्दीला एखाद्या औषध कारखान्याचं ईआरपीचं, म्हणजे स्टॉक, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम आहे. पहाटे लोहगाव, चंदीगडपर्यंत विमान, पुढे टॅक्सी. दारापासून दारापर्यंत जाता-येता पंधरा-सोळा तास सहज जातात. टाइमशीटमध्ये त्यांना जागा नाही आणि ३२ तास तर भरायचेच आहेत. मग ते निघतात कुठून? झोपेतून, नाहीतर रविवारातून.

प्रवासच नको, असं मी अजिबात म्हणत नाहीये. या धंद्यातलं जे मला खरं कळलं, ते कारखान्यांच्या गेटवर आणि स्टोअर्समध्ये उभं राहून कळलं. एका ठिकाणी सिस्टिममधला स्टॉक आणि प्रत्यक्ष माल काही केल्या जुळेना. ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे सांगत होते, "प्रोसेस एसओपीप्रमाणेच, लिहून ठरवलेल्या पद्धतीनेच आहे." तिथे गेल्यावर स्टोअरकीपरच्या टेबलावर एक लांबट रजिस्टर दिसलं, पेनाने रेघा मारलेलं. रात्री येणाऱ्या गाड्यांचा माल त्यात लिहिला जायचा, कारण जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची सिस्टिममधली नोंद, करणारा माणूस संध्याकाळीच घरी जायचा. एंट्री दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर त्यातला काही माल प्रॉडक्शनला गेलेलासुद्धा असायचा! हे कुठल्याही स्क्रीनवर दिसलं नसतं. ते रजिस्टर समजून घेतल्यावर आम्ही रात्रपाळीसाठी वेगळी सोय केली, आणि पुढचं काम त्या क्लायंटने आम्हाला आपणहून दिलं.

करिअर वाढतं ते असं. मॅनेजरच्या वर गेलात की तुमचं मोल क्लायंट अडचणीत कुणाला थेट फोन करतो यावर ठरतं, आणि तो विश्वास कॅन्टीनमध्ये सोबत जेवताना, गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम सुरू होण्याच्या, रात्री शेजारी बसून तयार होतो. म्हणून प्रोसेस समजून घेण्याचे पहिले आठवडे, कटओव्हरची, म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जातानाची, स्टॉक मोजणी आणि गो-लाइव्ह, एवढ्यासाठी जायलाच हवं. कॉन्फिगरेशन, टेस्ट स्क्रिप्ट, आठवड्याचा स्टेटस यासाठी मात्र माणसं कशाला उडवायची? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी प्रोजेक्ट घरात बसून लाइव्ह गेले. तरी आज केवळ तासाभराच्या स्टिअरिंग कमिटीसाठी (प्रोजेक्टचा आढावा घेणारी वरिष्ठांची बैठक), "समोर असलेलं बरं दिसतं" म्हणून, चार जणांची तिकिटं निघतात.

याची खरी किंमत मोजतात त्या लहान मुलं असलेल्या मुली, आणि घरी आजारी आईवडील असलेले सगळेच. दर सोमवारी निघणं जमणार नाही, असं एकदा म्हटलं की डॉक्युमेंटेशन आणि रिपोर्टिंग त्यांच्या वाट्याला येतं. दोन-तीन वर्षांनी अप्रेझलमध्ये ऐकायला मिळतं, "क्लायंट एक्स्पोजर कमी आहे." अहो, पण ते तुम्हीच दिलं नाहीत ना! तिला वर्षातून ते महत्त्वाचे काही आठवडे आधी सांगून द्या. आजी गावाहून येऊन राहते, नवरा रजा टाकतो, घर उभं राहतं. परवाचं तिकीट आज संध्याकाळी हातात ठेवलं तर कुणाचंच घर उभं राहू शकत नाही.

माझ्या प्रोजेक्टमध्ये मी प्रपोजल लिहितानाच प्लॅनमध्ये प्रवासाचे तास वेगळ्या ओळीत दाखवते. सोमवारची पहिली मीटिंग दुपारी दोनला, म्हणजे रविवारी रात्री निघावं लागत नाही. शुक्रवारी सगळे घरून. क्लायंटला कारण नीट समजावलं तर बहुतेक जण मान्य करतात, कारण तिकिटाचा आणि हॉटेलचा खर्च शेवटी त्यांच्याच बिलात लागतो. अडतं ते आपल्याच वरिष्ठांपाशी.

डिलिव्हरी हेड, प्रॅक्टिस हेड असलेले बरेच जण इथे माझ्या संपर्क यादीत आहेत. तुमच्या टाइमशीटमध्ये एक रकाना वाढवा आणि तिमाहीचं युटिलायझेशन काढताना त्यातले तास धरा. तुमच्याकडे हे आधीच सुरू असेल तर कसं जमवलंत ते खाली सविस्तर लिहा, मला आमच्याकडे दाखवायला हवं आहे.