ताशी आठ किलोमीटरचा हिशेब

इटलीत भाड्याच्या मोटारीने वेगमर्यादा ओलांडली की शिक्षा दोन हप्त्यांत होते आणि पहिला हप्ता सरकारचा नसतो. टस्कनीची सहल संपली, तिची छायाचित्रे नातेवाइकांना दाखवून झाली, ती पाहून त्यांना कंटाळा येऊनही बराच काळ लोटला, आणि मग एके दिवशी मोटार भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझ्या क्रेडिट कार्डावरून काही युरो परस्पर वळते करून घेतले. सोबतच्या पत्रात म्हटले होते की आपल्या ताब्यातील वाहनाबाबत पोलिसांकडून विचारणा झाली असून आम्ही त्यांना आपले नाव व पत्ता कळवला आहे, आणि त्या सेवेचे हे शुल्क आहे. म्हणजे माझे नाव पोलिसांना सांगण्याची सेवा मला पुरवण्यात आली होती. शाळेपासून आजवर माझ्या चहाड्या करणाऱ्यांची संख्या कमी नाही, पण त्या सर्वांनी ते काम विनामूल्य आणि मनापासून केले होते. चहाडीवर मूल्यवर्धित कर लावणारी संस्था मला प्रथमच भेटली.

दंड किती आहे, असे मी कंपनीला लिहून विचारले. उत्तर आले की दंडाशी कंपनीचा काहीही संबंध नाही. गुन्हा कुठे घडला, असे विचारल्यावर उत्तर आले की तपशिलासाठी नोटिशीची वाट पाहावी. ही रक्कम दंडातून वजा होईल का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांनी कराराचे एक कलम पाठवले, ज्याच्या खाली माझी सही होती. करार करताना विमानतळावरील त्या तरुणाने मोटारीच्या अंगावरचा एकेक जुना ओरखडा बोट ठेवून मला दाखवला होता, आणि टायरफुटीच्या विम्याचे महत्त्व सांगताना तर त्याचा आवाज भरून आला होता; या कलमापाशी आल्यावर मात्र तो ‘इथे एक सही’ एवढेच म्हणाला होता.

यानंतर सुरू होतो तो प्रतीक्षेचा काळ. परदेशात राहणाऱ्या माणसाला नोटीस बजावण्यासाठी इटलीच्या वाहतूक कायद्याने 360 दिवसांची मुदत दिलेली आहे, आणि नगरपालिकांना ती पुरेपूर वापरण्याची आवड असावी. घाई करणाऱ्या माणसाला संयम शिकवण्याची ही पद्धत तिच्या परीने योग्यच म्हणायला हवी. या काळात मित्रांनी सल्ल्यांचा वर्षाव केला. एका गटाचे म्हणणे असे की बेलाशक दुर्लक्ष करावे, एवढ्याशा रकमेसाठी इटलीहून कोणी दारात येऊन उभे राहत नाही. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की दंड थकला तर पुढच्या वेळी विमानातून उतरताच हातात बेड्या पडतात. दोन्ही गटांतील कोणीही इटलीत मोटार चालवलेली नव्हती, त्यामुळे मतांमध्ये कमालीचा ठामपणा होता. थकलेला दंड फुगत जातो आणि तो वसुलीसाठी दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवला जातो, ही कंटाळवाणी वस्तुस्थिती कोणत्याच गटाला नको होती.

मी मात्र मनातल्या मनात सारी सहल पुन्हा चालवून पाहत होतो. इटलीत महामार्गावर मर्यादा ताशी 130 किलोमीटर, पाऊस असेल तर 110, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर 90 आणि वस्तीत 50. एवढे पाठ करणे अवघड नाही. अवघड असते ते 70. हे 70 कुठल्याशा वळणाआधी, द्राक्षमळ्याच्या कडेला, अचानक उगवते आणि ते संपले असे सांगायला नंतर बहुधा कोणी येत नाही. कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी पाटी लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती लावलेली असतेही. पण अशा पाट्या इतक्या भेटतात की परक्या माणसाला काही वेळाने त्या निसर्गसौंदर्याचाच भाग वाटू लागतात. स्थानिक चालकांना मात्र प्रत्येक कॅमेरा ओळखीचा असतो. ते दिवे मिचकावत मागून अंगावर येतात, तुच्छतेने पुढे निघून जातात, आणि कॅमेरा जवळ आला की देवळाच्या उंबऱ्यापाशी चपला काढाव्या तितक्या सहजतेने वेग काढून ठेवतात व पलीकडे गेल्यावर पुन्हा पायात सरकवतात. महामार्गावर ‘ट्यूटर’ नावाची व्यवस्था दोन कमानींमधला सरासरी वेग काढते, तिथे हा उपाय चालत नाही. पण मी सापडलो तो बहुधा आडरस्त्यावर. त्या चालकांनी मला ओलांडले त्या प्रत्येक वेळी मी मर्यादेत होतो, याची मला खात्री आहे. ते दिसेनासे झाल्यानंतरच्या काळाविषयी मी काही बोलणार नाही.

मोटार त्या वेळी कोण चालवत होते, हा प्रश्न घरात निघणे अपरिहार्य होते. करारात चालक म्हणून पत्नीचे आणि माझे अशी दोघांची नावे होती, आणि निम्मे अंतर आपण चालवले असे आम्ही दोघेही अभिमानाने सांगत आलो होतो. कार्डावरून पैसे गेले त्या दिवसापासून हे प्रमाण झपाट्याने बदलले. आपण चालवली ती फक्त सकाळी, आणि तीही सपाट रस्त्यावर, हे तिला आठवू लागले. मला माझा दुखरा खांदा आठवला. अखेर मुख्य चालक म्हणून कंपनीने माझेच नाव कळवले असल्याचे पत्रातून निघाले, तेव्हा तिने हा तपास समाधानकारक मानून प्रकरण बंद केले.

वाट पाहणाऱ्या आरोपीने दुसरे काय करावे? मी वेगाच्या दंडाचा इतिहास वाचू लागलो. मोटार वेगाने चालवल्याबद्दल दंड झालेला पहिला माणूस म्हणून इंग्लंडच्या केंट परगण्यातील वॉल्टर आर्नल्ड यांचे नाव सांगतात. जानेवारी 1896 मध्ये ते ताशी दोन मैलांच्या हद्दीतून ताशी आठ मैलांनी निघाले होते आणि एका पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडले. दंड झाला एक शिलिंग, आणि त्यावर खटल्याचा खर्च वेगळा. वरखर्चाची प्रथा तेव्हापासूनची आहे तर. त्याहून मला जवळचे वाटले ते मॉरिस गॅट्सोनिडिस. हे डच गृहस्थ मोटारींच्या शर्यतींत उतरत. 1953 ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. वळणावर आपला वेग नेमका कुठे कमी पडतो हे कळावे आणि तो वाढवता यावा, म्हणून त्यांनी वेग मोजण्याचे यंत्र तयार केले. पुढे 1958 मध्ये त्याची कंपनी निघाली, पोलिसांना ते यंत्र आवडले, आणि अधिक वेगाने जाता यावे म्हणून जन्मलेल्या त्या यंत्राच्या वंशजांनी देशोदेशीच्या रस्त्यांवर ठाण मांडले. फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात, हेही याच वाचनात कळले. 2002 मध्ये तिथे 50 च्या हद्दीत 75 ने मोटारसायकल चालवल्याबद्दल नोकिया कंपनीच्या एका संचालकांना 1,16,000 युरो दंड झाला. तो पुढे बराच कमी करण्यात आला, पण तो आकडा वाचून आपण इटलीला गेलो आणि आपले उत्पन्न बेताचे आहे, या दोन्ही गोष्टींबद्दल मला एकाच वेळी समाधान वाटले.

अखेर रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. तिच्यात रस्त्याचा क्रमांक होता, किलोमीटरचा दगड होता, तारीख, तास आणि मिनिट होते. यंत्राने मोजलेला वेग 83. पाच टक्के किंवा किमान पाच किलोमीटर एवढी सूट यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी देण्याचा तिथे नियम आहे, म्हणून पाच वजा जाता 78. मर्यादा 70. माझा गुन्हा अशा रीतीने ताशी आठ किलोमीटरचा निघाला. दहा किलोमीटरपर्यंतच्या आगळिकीला किमान दंड 42 युरो, आणि पाच दिवसांत भरल्यास त्यात 30 टक्के सूट, म्हणजे 29 युरो 40 सेंट. टपालाचा खर्च निराळा. इतके महिने स्वस्थ बसलेल्या नगरपालिकेला आता एकाएकी माझ्याकडून चपळाईची अपेक्षा होती. संकेतस्थळावर पुराव्याचे छायाचित्र पाहण्याची सोय होती, तेही पाहिले. ते मागून घेतलेले होते आणि त्यात मोटारीची पाठ, क्रमांकाची पाटी आणि थोडा रस्ता एवढेच होते. सहलीतील आमच्या सर्व छायाचित्रांपैकी ज्यात कोणाचेही डोळे मिटलेले नाहीत, असे ते एकमेव.

वकिली करणाऱ्या एका मित्राने नोटीस वाचली आणि तो उत्साहाने ताठ बसला. इटलीत या कॅमेऱ्यांवर लोकांचा राग आहेच. 2023 मध्ये व्हेनेतो प्रांतात कोणीतरी कॅमेऱ्यांचे खांब कापून आडवे करू लागले आणि त्या अज्ञाताला ‘फ्लेक्सीमॅन’ असे नाव देऊन काहींनी चक्क डोक्यावर घेतले. पण मित्राचा भरवसा कापाकापीवर नव्हता, कायद्यावर होता. त्याच प्रांतातील त्रेविझो शहराच्या एका प्रकरणात इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये असा निर्णय दिला होता की कॅमेऱ्याला नुसती मंजुरी असून भागत नाही, त्याचे रीतसर प्रमाणीकरण झालेले असले पाहिजे, नाहीतर दंड टिकत नाही. “तू जिंकतोस,” मित्र म्हणाला. मी खर्च विचारला. तिथल्या न्यायाधीशापुढे दाद मागायची तर न्यायालयाचे शुल्क 43 युरो. दंड 42 युरो. प्रीफेक्टकडे, म्हणजे सरकारच्या जिल्हा प्रतिनिधीकडे, दाद मागायला शुल्क पडत नाही, पण तिथे हरल्यास दंड किमान दुप्पट होतो. मित्र म्हणाला की प्रश्न तत्त्वाचा आहे. तत्त्वासाठी लढायला माझी ना नव्हती, पण ती लढाई इटालियन भाषेत व्हायची होती, आणि माझ्या इटालियनने हॉटेलात दोघांसाठी टेबल मागण्यापलीकडे कधी मजल मारलेली नव्हती. न्यायालयात टेबल मागून उपयोग नसतो.

उरला भरणा. संकेतस्थळाने माझे नाव, पत्ता आणि जन्मतारीख गोड मानून घेतली आणि मग इटलीच्या करखात्याने दिलेला 16 अक्षरांचा व अंकांचा ओळखक्रमांक मागितला, ज्यावाचून पुढचे पान उघडत नव्हते. तिथल्या रहिवाशांकडे तो असतो, आणि त्यांना नोटीसही 90 दिवसांत मिळते. मी बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जात ‘उद्देश’ असा रकाना असतो. खिडकीमागच्या कारकुनाने यादी वाचून दाखवली, तिच्यात शिक्षण होते, वैद्यकीय उपचार होते, नातेवाइकांचा उदरनिर्वाह होता, भेट होती, पर्यटन होते.

“सर, दंड यात कुठेच नाही. भेट लिहू का?”

इटलीच्या नगरपालिकेला माझ्याकडून भेट जावी, ही कल्पना मला मानवेना.

“मग उदरनिर्वाह लिहू? नातेवाईक आहेत का तिथे आपले?”

“नातेवाईक नाहीत. पोलीस आहेत.”

हे ऐकून तो व्यवस्थापकांकडे गेला, दोघांनीही काचेतून माझ्याकडे नीट पाहून घेतले, आणि शेवटी ‘पर्यटन’ ठरले. मग प्रश्न आला मधल्या बँकांच्या शुल्काचा. ते पाठवणाऱ्याने सोसले नाही तर वाटेतच रकमेतून कापले जाते, आणि पूर्ण रक्कम पोहोचली नाही की सूट जाते; तेव्हा तेही मीच सोसले. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा सर्वांत वर कंपनीचे चहाडीशुल्क होते, त्याखाली बँकांचे शुल्क, आणि तळाशी, सर्वांत लहान, खुद्द दंड. या साऱ्या साखळीत माझ्या वेगाने ज्याला खरोखर उपद्रव झाला असेल ते एक गाव होते, आणि त्याच्याच पदरात सर्वांत कमी पडले.

काही आठवड्यांनी शेजारच्या नगरपालिकेची नोटीस आली. तारीख तीच, रस्ता परतीचा, वेळ रात्रीचे 10 वाजून 6 मिनिटे. रात्री 10 ते सकाळी 7 या वेळात इटलीत वेगाचा दंड एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून 42 ऐवजी 56 युरो. त्या रात्री जेवणानंतर मी जी कॉफी मागवली, ती सहा मिनिटांहून अधिक वेळ चालली होती, हे पत्नीला अगदी स्पष्ट आठवले. कंपनीचे दुसरे शुल्क अर्थातच आधीच येऊन गेले होते. मी कागदपत्रे घेऊन पुन्हा बँकेत गेलो. कारकुनाने नोटिशीवर नजर टाकली, उद्देशाच्या रकान्यात मला न विचारता ‘पर्यटन’ लिहिले, आणि मग पेन थांबवून आवाज खाली आणत म्हणाला, “सर, अजून यायच्या असतील तर थोडे थांबता का? सगळ्या एकदम पाठवल्या तर शुल्क एकदाच पडेल.”